खोडकर परीची गोष्ट लिहायचीय? मग आधी खोडी शोधा (गोव्यातल्या नवख्या लिहिणाऱ्यांसाठी)

मुलांसाठी परीची गोष्ट लिहायला बसलेल्या नव्या माणसाची पहिली ओळ बहुतेक वेळा ठरलेली असते, "एका घनदाट जंगलात एक सुंदर परी राहत होती." आणि मग ती सुंदरच राहते, पांढरा फ्रॉक, हातात छडी, छडीच्या टोकाला चांदणी, आणि तीन पानं झाली तरी तिनं केलेलं काहीच नसतं, तोवर मुलं उठून खेळायला गेलेली असतात. मी फोंड्याकडच्या एका लहानशा वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवते, बरीच वर्षं झाली आता, आणि मुलं कुठे चुळबुळ करायला लागतात आणि कुठे तोंड उघडं टाकून बसतात हे समोर बसून बघितलंय. त्यातून जे हाताला लागलं ते इथे क्रमानं सांगते. आजवर एकही गोष्ट न लिहिलेल्यांसाठी आहे हे, शिक्षक असोत, आई-बाबा असोत, कॉलेजातली मुलं असोत.

माझं म्हणणं एकच आहे आणि बाकी सगळं त्यातूनच येतं. परीच्या गोष्टीत जादूपेक्षा खोडी मोठी, आणि खोडी रंगते ती ओळखीच्या जागेत, ओळखीच्या माणसांची काढली तरच.

१. आधी खोडी ठरवा, परी नंतर

परीचं नाव काय, पंख कसले, ड्रेस कुठल्या रंगाचा, हे सगळं सध्या बाजूला ठेवा. वहीत फक्त एक प्रश्न लिहा: आपल्या वाड्यावर सकाळी उठल्यावर नेमकी कुठली एक गोष्ट बिघडलेली असली तर सगळ्यांची तारांबळ उडेल?

माझं आवडतं उदाहरण पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं. सकाळी उजाडताना पोदेर सायकलवरून येतो, मागे कॅरिअरला पावांची टोपली, वर प्लास्टिक झाकलेलं, हँडलला रबरी भोंपू, पों पों. तो आवाज आला की दारं उघडतात, कुणी पिशवी घेऊन, कुणी नुसतंच नायटीवर टॉवेल टाकून गेटपाशी येतं. आता समजा परीनं तो आवाजच चोरला. पोदेर भोंपू दाबतो, रबर आत जातं, परत फुगतं, हवा सुटल्याचं फुस्स सुद्धा नाही. तो वाड्यावरून पुढे निघून जातो आणि कुणालाच पत्ता नाही. आजोबा बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, चहा घेऊन बसलेत, चहावर साय धरली, पाव नाही. शाळेच्या डब्यात काय द्यायचं म्हणून आई वैतागलेली. पोदेराची टोपली संध्याकाळपर्यंत भरलेली ती भरलेलीच. आणि रात्री, सगळं सामसूम झाल्यावर, परसातल्या माडावरून बारीक आवाज येतो, पों पों. परीनं आवाज नारळाच्या करवंटीत कोंडून ठेवलाय आणि झाकण नीट बसलेलं नाही.

बघा, अजून परी कशी दिसते ते मी सांगितलेलंच नाही, तरी गोष्ट सुरू झाली.

चांगली खोडी ओळखायची कशी तर ती डोळ्यांना दिसली पाहिजे किंवा कानांना ऐकू आली पाहिजे, आणि वाचणाऱ्या पोराच्या मनात "अरे, मला पण असं करायला मिळालं तर!" असं आलं पाहिजे. "परीनं सगळ्या गावाला दुःखी केलं" ही खोडी नाही, यात बघण्यासारखं काय आहे? "परीनं देवळाबाहेर काढलेल्या सगळ्या डाव्या चपला अदलाबदल केल्या" ही खोडी, कारण आरतीनंतर लंगडत घरी जाणारं अख्खं गाव लगेच दिसायला लागतं.

२. तिला काय हवंय ते ठरवा

नवे लिहिणारे इथे पटकन सांगून मोकळे होतात की परी दुष्ट होती, किंवा ती मुळातच खट्याळ होती. त्यानं काम भागत नाही. तिच्या बाजूनं बघितलं तर तिचं बरोबर वाटलं पाहिजे. आपल्या पोदेराच्या गोष्टीत मी असं धरेन की परी रात्रभर काजव्यांबरोबर भटकून पहाटे कुठे डोळा लागतोय तर खालून पों पों, रोज, न चुकता, म्हणून तिनं तो आवाजच उचलला. बस, एवढंच कारण. कारण जितकं छोटं तितकं मुलांना जास्त पटतं, कारण त्यांची स्वतःची भांडणं सुद्धा असल्याच कारणांवरून होतात, माझी झोप मोडलीस, माझी पेन्सिल घेतलीस.

३. जागा खरी घ्या

१९१७ मध्ये इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या कॉटिंग्ली गावात एल्सी राइट आणि फ्रान्सिस ग्रिफिथ्स या दोन मुलींनी, एक १६ वर्षांची आणि एक ९ वर्षांची, घरामागच्या ओढ्यावर पऱ्यांचे फोटो काढले. १९२० मध्ये शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉयलनं त्यावर मासिकात लेख लिहिला, तो स्वतः ते खरे मानत होता, आणि जगभर चर्चा झाली. १९८३ मध्ये त्या दोघींनी, तेव्हा त्या आज्या झाल्या होत्या, कबूल केलं की पऱ्या म्हणजे कागदावर काढून कापलेली चित्रं होती, टोपीला लावायच्या लांब पिनांनी उभी केलेली. मोठी मोठी शिकलेली माणसं फसली त्याला पुष्कळ कारणं होती, पण लिहिणाऱ्यानं त्यातलं एक उचलावं असं मला वाटतं. पऱ्या कागदाच्या होत्या पण गवत खरं होतं, ओढा खरा होता, फोटोतली मुलगी खरी होती. आजूबाजूचं सगळं खरं असलं की मधली एक खोटी गोष्ट माणूस आनंदानं मानतो.

आणि आपल्याकडे खरं काय कमी आहे का? बर्फ, किल्ला, पाइनची झाडं कशाला आणायची लांबून? मे संपत आला, पहिला पाऊस पडून गेला की सत्तरीत, सांग्यात झाडंच्या झाडं काजव्यांनी भरतात. म्हादई अभयारण्यात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर रात्री हिरवट चमकणारी अळंबी उगवते, खरोखर चमकते, टॉर्च बंद करून थोडा वेळ अंधारात डोळे स्थिर होऊ दिले की दिसते. सत्तरीतच बांबरला निरंकाराची राई आहे, रानटी जायफळाच्या जातीच्या झाडांची पाणथळ देवराई, तिथं चिखलातून मुळांचे गुडघे वर आलेले असतात, वाकून पुन्हा चिखलात जातात. अशा एका गुडघ्याखाली परीचं घर आहे म्हणून लिहा, कुठलंही मूल शंका घेणार नाही.

जंगलातच जायला हवं असंही नाही. चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी बांधतो आपण, लाकडी चौकटीला कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचे घड, चिबूड, तवशी, रानातनं शोधून शोधून आणलेलं सगळं लटकवलेलं. घरातली मुलं खाली आडवी पडून वर बघत असतात. त्या माटोळीत रोज रात्री एक फळ जागा बदलतं. एवढंच लिहा आणि पुढचं मुलांनाच विचारा, ती सांगतील.

काम म्हणून सांगते: लिहिण्याआधी एकदा त्या जागेवर जाऊन बसा. पाच वास, पाच आवाज लिहून आणा. गोष्टीत त्यातले दोनच येतील, पण ते दोन दुसऱ्या कुणाला सुचणार नाहीत.

४. देवचाराला परी करू नका

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण नव्या लिहिणाऱ्यांचा हात इथे हमखास जातो, आणि मला ते मनापासून खटकतं. आपल्याकडे जादूचं म्हणून पहिलं आठवतो तो देवचार. खांद्यावर घोंगडी, हातात दांडो, रात्री गावाच्या वेशीवरून फिरणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा. गोष्टीसाठी तयारच आहे असं वाटतं. पण तो कुणाचा तरी राखणदार आहे. त्याला आजही रोट ठेवतात, विडी ठेवतात, दिवा लावतात, वाटेवर त्याचं नाव घेऊन पुढे जातात. वेताळाला वहाणा वाहतात आणि तो रात्री गाव फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. वारुळात सांतेर देवी आहे. घाटावर साती आसरा, पाण्यातल्या देवता, आहेत. ही सगळी जिवंत दैवतं आहेत, ज्या घरात तुमची गोष्ट वाचली जाणार त्याच घरात त्यांना हात जोडले जातात. त्यांना चपला चोरायला लावायचं, त्यांची फजिती करायची, हे मला पटत नाही.

मग काय करायचं? देवचाराला गोष्टीच्या कडेला राहू द्या. परी खोड्या काढत फिरतेय, आणि लांब बांधावर एक उजेड हळूहळू चाललाय, तो दिसला की परी एकदम गुपचूप बसते. तो कोण ते सांगूच नका. गोव्यातल्या मुलाला कळतं, बाहेरच्या मुलाला नुसती उत्सुकता वाटते, दोन्ही चालतं. आणि खोड्या काढायला स्वतःची नवी मंडळी तयार करा, बोटभर उंचीची, जिची पूजा कुणी करत नाही अशी.

चकवा मात्र खुशाल वापरा, तो कुणाचा देव नाही. संध्याकाळचं माणूस ओळखीच्या वाटेवर फिरफिर फिरतं आणि परत त्याच आंब्यापाशी येतं, म्हातारी माणसं सांगतात की अशा वेळी धावायचं नाही, तिथंच बसून राहायचं. इंग्लंडात डेव्हन-कॉर्नवॉलकडे पिक्सी नावाच्या छोट्या मंडळींवर हाच आळ आहे, वाटसरूला शेतातल्या शेतात फिरवतात म्हणून, आणि तिथला उपाय म्हणजे कोट उलटा करून घालायचा. सात समुद्रापलीकडच्या माणसांनाही संध्याकाळी शेतात हेच वाटत होतं याची मला फार गंमत वाटते.

५. जादूला नियम लावा आणि तो लवकर सांगा

परीला काहीही करता येत असेल तर गोष्टीत कुणाला काळजीच वाटत नाही. जुन्या लोककथांत बघा, प्रत्येकाला काहीतरी बंधन आहेच. युरोपातल्या पऱ्यांना लोखंड चालत नाही. स्कॉटलंडातला ब्राउनी नावाचा बुटका रात्री येऊन घरकाम करून जातो, त्याला दूध-साय ठेवायची, पण कपडे दिले की तो घर सोडून जातो तो कायमचा. एका वाक्यात सांगता येतो हा नियम, आणि त्या एका वाक्यात अख्खी गोष्ट आहे: कधीतरी घरातलं भाबडं पोर थंडीत कुडकुडणाऱ्या ब्राउनीला सदरा शिवून देणार.

तुमचा नियम तुमच्या जागेतून काढा. मी दिवाडी किंवा चोडण बेटावरची गोष्ट लिहिली तर भरती-ओहोटीचा घेईन. तिथं खाजन शेती आहे, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली, नदीच्या कडेनं बांध, बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची वाट. मानशीची लाकडी दारं पाण्यावरच चालतात, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं म्हणून उघडतात, भरतीला नदीचं खारं पाणी बाहेरून दाबतं म्हणून आपोआप मिटतात. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, मध्ये साधारण सव्वासहा तास, आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे परीचा नियम असा: तिची जादू फक्त ओहोटीत चालते. भरती लागली की जे केलं ते आहे तिथं अडकतं, पुढच्या ओहोटीपर्यंत तिलाही सोडवता येत नाही. झालं, गोष्टीला घड्याळ मिळालं. आज ओहोटी दुपारी तीनला लागली तर उद्या चारला दहा मिनिटं कमी, म्हणजे परी उद्या शाळा सुटल्यावरच येणार, हे पोरांना गोष्टीच्या आत स्वतः मोजता येतं आणि मोजायला त्यांना भयंकर आवडतं.

आता खोडी वाढवा. परी खेळता खेळता मानशीच्या दारात एक ओंडका अडकवते, दार उघडं राहिलं तर मासे बागडत आत येतील म्हणून, तिला मजाच वाटतेय. तेवढ्यात पाणी फिरतं. भरती. दार मिटत नाही, खारं पाणी भाताच्या शेतात शिरतंय, आणि तिची जादू बंद पडलेली. आता तिला माणसांची मदत मागावी लागणार, आणि तिनं तर सगळ्या गावाला सतावून ठेवलंय. इथं मुलं श्वास रोखून बसतात. खारं पाणी शेतात शिरणं किती वाईट हे समजावून सांगायची गरज नाही, आजोबा कमरेएवढ्या पाण्यात उतरून ओंडक्याला हात घालतात एवढं लिहा.

नियम पहिल्या दोन पानांत आला पाहिजे. शेवटी अडचण आली म्हणून नवा नियम काढला तर मुलं लगेच म्हणतात, "टीचर, ही चीटिंग आहे." आणि बरोबर म्हणतात.

६. मूल हवं, आणि मोठी माणसं बावळट नकोत

परी कितीही भारी असली तरी गोष्ट मुलाच्या डोळ्यांनी चालू द्या. आठ-नऊ वर्षांची मुलगी किंवा मुलगा, ज्याला काहीतरी दिसतं पण सांगितलं तर कुणी ऐकत नाही. मोठ्यांना मूर्ख दाखवणं सोपं असतं, मुलं हसतात सुद्धा, पण एकच शहाणं मोठं माणूस ठेवून बघा, आजी बहुतेक, जिला सगळं माहीत आहे आणि जी मुद्दाम काहीच बोलत नाही, फक्त पातोळ्या करताना एक हळदीच्या पानातली छोटीशी पातोळी बाजूला काढून खिडकीत ठेवते. गोष्ट तिथंच दुप्पट मोठी होते.

७. भाषा

मराठी लिहा, पण बोलणं गोव्यातलं असू द्या. आपली मुलं घरी कोंकणी, शाळेत मराठी नाहीतर इंग्लिश, तिन्ही एका वाक्यात बोलतात. संवादात "पोदेर अजून येवंक ना?" असं आजीला म्हणू द्या, कंसात अर्थ देऊ नका, मागच्या-पुढच्या वाक्यातनं कळतोच. निवेदन साधं ठेवा, वाक्यं लहान. "नयनरम्य", "मनमोहक", "अद्भुत" हे शब्द दिसले की खोडा, आणि तिथं नेमकं काय दिसलं ते लिहा.

लांबी: पाच-सहा वर्षांच्या मुलांना चारपाचशे शब्द पुरे, आठ ते दहाच्या मुलांना हजार-बाराशे, म्हणजे मोठ्यानं वाचायला साधारण दहा मिनिटं. पहिल्याच फटक्यात कादंबरी नको.

८. शेवट करताना

परीला माफी मागायला लावू नका. खूप जण गोष्ट छान नेतात आणि शेवटच्या परिच्छेदात परी हात जोडून म्हणते, "मी पुन्हा कधीच खोडी काढणार नाही." मुलांचे चेहरे पडलेले मी पाहिलेत. ती सुधारली म्हणजे ती संपली. तिनं झालेलं नुकसान भरून द्यावं, ते हवंच, पोदेराचा आवाज परत द्यावा, पण करवंटीच्या तळाशी एक पों शिल्लक ठेवावा. तो ती कधी वापरणार हा विचार करत मूल झोपायला गेलं पाहिजे.

९. मोठ्यानं वाचा, मग पाठवा

लिहून झाली की दोन-तीन दिवस बाजूला ठेवा आणि मग चार-पाच मुलांना वाचून दाखवा, स्वतःच्या मुलांना नको, ती आईबापाचं मन राखतात. वाचताना हातात पेन्सिल. कुणी पायाचा अंगठा ओढत बसलं तिथं रेघ मारा, तो भाग कापायचा. कुणी मध्येच "मग?" म्हणालं तिथं टिक करा. "आवडली का?" विचारू नका, हो म्हणतात सगळी. "परत सांग बघू मला" म्हणा, जे सांगायचं विसरतील ते गोष्टीत नकोच होतं.

वाचायला काय, असं विचाराल तर पणजीत पाटो भागात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं, तिथं मुलांचा वेगळा विभाग आहे, एक अख्खी दुपार काढून जा आणि मुलांच्या उंचीच्या शेल्फासमोर खाली बसून वाचा. पाठवायचं तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासून निघतंय, मुलांचे दिवाळी अंक आहेत, आणि गोव्यातल्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्या. दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत गोष्ट तयार ठेवा, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही. युनिकोडमध्ये टाईप करा, एक कॉपी स्वतःकडे ठेवा, वर मुलांचा वयोगट लिहा, आणि सोबत मोठं पत्र जोडू नका. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा.

उत्तर यायला महिने लागतात. तोवर त्याच परीची दुसरी गोष्ट सुरू करा, माटोळीवाली घ्या हवं तर, चतुर्थीच्या आधी लिहून झाली तर घरातल्या मुलांना त्याच माटोळीखाली बसवून वाचून दाखवता येईल.